सीएसएस-जावास्क्रिप्टची गाठोडी: व्हिज्युअल स्टुडिओत ‘बंडलर अँड मिनिफायर’ कसं वापरायचं

रावेर, यावल, सावदा भागातल्या केळीच्या रोजच्या भावांची एक छोटी साइट आहे असं धरू. सकाळी भाव निघाला की शेतकरी मळ्यात उभ्या उभ्या मोबाईलवर पान उघडतो. पानावर असतं काय? एक तक्ता, त्यात नवती, पिलबाग आणि वापसी या केळीच्या वर्गांचे रकाने, तालुका निवडायची यादी आणि गेल्या आठवड्याचा आलेख. आता संगणकावर एफ-१२ दाबून नेटवर्कची खिडकी उघडा. एवढ्याशा पानासाठी ५ सीएसएस (पानाचं रूप ठरवणाऱ्या) आणि ६ जावास्क्रिप्ट (पान हलतं-चालतं करणाऱ्या) फाइली खाली उतरताना दिसतात. एचटीटीपी १.१ वर बहुतेक ब्राउझर एका सर्व्हरशी एका वेळी ६ जोडण्याच करतात, त्यामुळे उरलेल्या फाइली रांगेत थांबतात. जळगाव शहरात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. सातपुड्याच्या डोंगरात, धडगाव-तोरणमाळकडे नेटवर्क येतं-जातं, तिथे मात्र तक्ता दिसायच्या आधीच माणूस पान बंद करतो.

यावर जुना आणि साधा उपाय म्हणजे फाइली एकत्र बांधायच्या आणि बारीक करायच्या. नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन), वेबपॅक (त्यावरचं बांधणीचं साधन), शंभर अवलंबित पॅकेजं हा सगळा पसारा न मांडता व्हिज्युअल स्टुडिओच्या, म्हणजे कोड लिहायच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनाच्या, आतच हे करणारं ॲडइन (वरून बसवायची जोड) म्हणजे ‘बंडलर अँड मिनिफायर’. मूळ लेखक मॅड्स क्रिस्टेनसेन. एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून एएसपी डॉट नेटवर (मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइट बनवायच्या चौकटीवर) काम करणाऱ्यांसाठी मला हे अजूनही सर्वांत कमी डोकेदुखीचं वाटतं. फक्त एक अट आहे: गाठोडं बांधण्याचं काम माणसाकडे ठेवायचं नाही, बिल्डकडे, म्हणजे कोडवरून चालणारी साइट तयार करण्याच्या पायरीकडे, द्यायचं. ते कसं द्यायचं हे पुढे येतंच.

एक खुलासा आत्ताच. हे ॲडइन व्हिज्युअल स्टुडिओसाठी आहे, व्हिज्युअल स्टुडिओ कोडसाठी नाही. नावं सारखी असल्याने कॉलेजची मुलं कोडमध्ये शोधत बसतात. कोडवाल्यांनाही एक वाट आहे, ती बिल्डच्या भागात.

बांधणं वेगळं, बारीक करणं वेगळं

बंडलिंग म्हणजे अनेक फाइलींची एक फाइल. त्यात अक्षरं कमी होत नाहीत, फेऱ्या कमी होतात. मिनिफिकेशन म्हणजे फाइलीतला फापटपसारा काढणं: मोकळ्या जागा, नव्या ओळी, टिपणं.

प्रत्यक्षात काय होतं ते भावतक्त्याच्या सीएसएसमध्ये बघा. पांढरा रंग तुम्ही सहा वेळा एफ लिहून दिला असेल तर तीन एफ उरतात. शून्य पिक्सेल लिहिलं असेल तर नुसतं शून्य राहतं. महिरपी कंस बंद होण्याआधीचा शेवटचा अर्धविराम जातो, कारण तिथे त्याची गरजच नसते. जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनच्या आतल्या चलांची नावंही बदलतात. ‘एकूण क्विंटल’ अशा अर्थाचं लांबलचक नाव एका अक्षरावर येतं. ‘ट्रू’ या शब्दाच्या जागी उद्गारचिन्ह आणि शून्य येतं, म्हणजे चार अक्षरांची दोन. फाइल वाचायला दिव्य होते, पण ब्राउझरला त्याचं सोयरसुतक नसतं.

किती फरक पडतो याचा अंदाज हवा असेल तर जेक्वेरी ३.७.१ बघा. मूळ फाइल सुमारे २८५ किलोबाइट, मिनिफाय केलेली सुमारे ८७, आणि सर्व्हरने जीझिप करून (दाबून लहान करून) पाठवली तर ३० च्या आसपास. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या दस्तऐवजात एका नमुना ॲपचे आकडे दिले आहेत: बांधून-बारीक करून मागण्या १८ वरून ७ वर आल्या, उतरलेला मजकूर २६४.६८ किलोबाइटवरून १५६ वर आला, आणि पान उघडायचा वेळ २३६० मिलिसेकंदांवरून ८८५ वर. तुमचे आकडे वेगळे येतील, म्हणून आधी मोजून ठेवा. नेटवर्कच्या खिडकीत ‘डिसेबल कॅश’वर खूण करा, थ्रॉटलिंगमध्ये ३जी निवडा, पान पुन्हा उघडा आणि खालच्या पट्टीतले मागण्या, आकार, वेळ हे तीन आकडे टिपून घ्या.

मराठी साइटवाल्यांसाठी इथे एक बारकावा आहे. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘कापूस’ या शब्दात क, काना, प, ऊकार आणि स अशी ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट. मिनिफायर अवतरणातल्या मजकुराला हात लावत नाही, त्यामुळे जावास्क्रिप्टमध्ये मराठी संदेशांची मोठी यादी असेल तर तिचा आकार तेवढाच राहतो. तिथे उपयोग होतो तो सर्व्हरच्या जीझिप किंवा ब्रॉटली कॉम्प्रेशनचा. दोन्ही गोष्टी लागतात, एकीने दुसरीचं काम होत नाही.

पायरी १: ॲडइन बसवणं

व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ मध्ये वरच्या ‘एक्सटेन्शन्स’ मेनूतून ‘मॅनेज एक्सटेन्शन्स’ उघडा, ऑनलाइन विभागात नाव टाकून शोधा, डाउनलोड करा आणि स्टुडिओ पूर्ण बंद करा. बंद केल्याशिवाय बसवणारी खिडकी पुढे सरकत नाही. ती आली की ‘मॉडिफाय’ दाबायचं. २०१७ किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तर हीच गोष्ट ‘टूल्स’ मेनूत ‘एक्सटेन्शन्स अँड अपडेट्स’ या नावाने आहे.

२०२२ ची आवृत्ती वापरत असाल तर जुनं ॲडइन तिथे बसणार नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेला तो व्हिज्युअल स्टुडिओ ६४ बिटचा झाला आणि त्याआधीची बरीच एक्सटेन्शनं त्यासाठी नव्याने बांधावी लागली. मूळ प्रकल्प दुसऱ्या एका प्रोग्रामरने पुढे चालवला आहे. नावात शेवटी २०२२ आणि अधिकचं चिन्ह असलेली आवृत्ती शोधा. वापर जवळपास तोच आहे.

पायरी २: पहिलं गाठोडं

सोल्यूशन एक्सप्लोररमध्ये (प्रोजेक्टच्या फाइली दाखवणाऱ्या खिडकीत) साइटच्या स्थिर फाइली जिथे असतात तो फोल्डर उघडा. एएसपी डॉट नेट कोअरमध्ये (त्या चौकटीच्या नव्या पिढीत) तो ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूरूट’ या नावाचा असतो, पुढे त्याला मी नुसतं रूट म्हणतो. कंट्रोल दाबून एकत्र करायच्या सीएसएस फाइली निवडा, उजवं बटण दाबा, मेनूत ‘बंडलर अँड मिनिफायर’वर जा आणि ‘बंडल अँड मिनिफाय फाइल्स’ निवडा. नव्या फाइलीचं नाव विचारलं जाईल. नाव देताना विस्ताराच्या आधी ‘डॉट मिन’ घाला, म्हणजे साइट डॉट मिन डॉट सीएसएस. बघताक्षणी कळतं की ही तयार केलेली फाइल आहे, हिच्यात कोणी हाताने बदल करायचा नाही.

एवढं केलं की प्रोजेक्टच्या मुळाशी ‘बंडलकॉन्फिग डॉट जेसन’ नावाची एक फाइल उगवते. सगळा खेळ या फाइलीत आहे. मेनू फक्त पहिल्यांदा वापरायचा, त्यानंतर थेट ही फाइल उघडून बदल करायचे.

जावास्क्रिप्टसाठी हीच कृती वेगळी करा. सीएसएस आणि जावास्क्रिप्ट एका गाठोड्यात बांधता येत नाहीत.

एकच फाइल बारीक करायची असेल तर तिच्यावर उजवं बटण दाबून ‘मिनिफाय फाइल’ निवडा. मूळ फाइलीच्या शेजारीच बारीक फाइल तयार होते.

पायरी ३: बंडलकॉन्फिग वाचायला शिका

ही साधी जेसन फाइल आहे. बाहेर चौकोनी कंस, आत प्रत्येक गाठोड्यासाठी महिरपी कंसांची एक जोडी, दोन जोड्यांमध्ये स्वल्पविराम. शेवटच्या जोडीनंतर स्वल्पविराम राहू देऊ नका. गुणधर्मांची नावं इंग्रजीत सलग लिहायची: पहिला शब्द पूर्ण लहान अक्षरांत, पुढच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं.

‘आउटपुटफाइलनेम’मध्ये तयार होणाऱ्या फाइलीचा रस्ता येतो. रस्ता बंडलकॉन्फिग जिथे आहे तिथून मोजायचा, म्हणजे रूट फोल्डरच्या नावापासून सुरू, आणि मध्ये पुढे झुकलेल्या तिरक्या रेघा. विंडोजची उलटी रेघ जेसनमध्ये विशेष अर्थाची असते, तिच्या वाटेला जाऊ नका.

‘इनपुटफाइल्स’ ही चौकोनी कंसातली यादी. ज्या क्रमाने नावं लिहाल त्याच क्रमाने फाइली जोडल्या जातात. फाइलीच्या नावाऐवजी तारांकन वापरून ‘या फोल्डरातल्या सगळ्या सीएसएस’ असंही सांगता येतं आणि नावाआधी उद्गारचिन्ह लावून एखादी वगळता येते. तारांकन दिसायला सोयीचं, पण मग क्रम तुमच्या हातात राहत नाही. माझं मत: जावास्क्रिप्टला तारांकन कधीच नको. सीएसएसला वापरलंत तर तयार होणारी डॉट मिन फाइल उद्गारचिन्ह लावून स्पष्ट वगळा.

‘मिनिफाय’च्या आत छोटा महिरपी कंस असतो. त्यात ‘एनेबल्ड’ ट्रू ठेवलं की फाइल बारीक होते. ‘रीनेमलोकल्स’ म्हणजे चलांची नावं छोटी करायची की नाही. याबद्दल थोडं पुढे बोलू.

‘सोर्समॅप’ ट्रू केलं की जावास्क्रिप्टच्या शेजारी डॉट मॅप फाइलही तयार होते आणि ब्राउझरमध्ये चूक शोधताना मूळ ओळी दिसतात. आपल्या मशीनवर काम चालू असताना हवीच. ग्राहकाच्या सर्व्हरवर ठेवली तर कोणीही तुमचा मूळ कोड आरामात वाचू शकतो, एवढं ध्यानात असू द्या.

‘इन्क्लूडइनप्रोजेक्ट’चा उपयोग जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कच्या प्रोजेक्टमध्ये, जिथे प्रत्येक फाइलीची नोंद प्रोजेक्ट फाइलीत करावी लागते. कोअरमध्ये फाइली आपोआप धरल्या जातात, तिथे तो विषयच नाही.

हे सगळं झालं की बंडलकॉन्फिगवर उजवं बटण दाबून ‘अपडेट बंडल्स’ करा. इथून पुढे यादीतली कुठलीही मूळ फाइल व्हिज्युअल स्टुडिओत सेव्ह केली की तिचं गाठोडं आपोआप नव्याने बांधलं जातं. ‘टास्क रनर एक्सप्लोरर’ उघडलंत तर गाठोड्यांची यादी तिथेही दिसते आणि हवं ते एकच चालवता येतं.

सीएसएस एकत्र करताना कुठे अडतं

बहुतेकांचा वेळ इथे जातो, आणि खापर ॲडइनवर फुटतं. खरं तर तीनही अडचणी सीएसएसच्या नियमांतून येतात.

पहिली अडचण छपाईच्या फाइलीची. भावांचा तक्ता छापून दुकानात लावायची सोय असेल तर प्रिंट नावाची वेगळी सीएसएस असते आणि पानात तिच्या लिंकवर ‘मीडिया’ म्हणून प्रिंट लिहिलेलं असतं. तिला गाठोड्यात घातलं की ती खूण मागे राहते, कारण खूण लिंकवर होती, फाइलीच्या आत नाही. मग छपाईचे नियम पडद्यावर लागू होतात: मेनू गायब, रंग गायब, तालुक्याची यादी गायब. उपाय साधा आहे. त्या फाइलीतले सगळे नियम ‘ॲट मीडिया प्रिंट’च्या कंसात गुंडाळा आणि मगच ती यादीत घाला. नाहीतर तिला बाहेरच राहू द्या.

दुसरी अडचण फॉन्टची, आणि मराठी साइटवर ती हमखास येते. मुक्तासारखा देवनागरी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवरून घेताना बरेच जण आपल्या सीएसएसच्या पहिल्या ओळीत ‘ॲट इम्पोर्ट’ लिहितात. ती फाइल एकटी असते तोवर ठीक चालतं. पण सीएसएसचा नियम असा की इम्पोर्ट इतर सगळ्या नियमांच्या आधी यायला हवं. गाठोड्यात ती फाइल तिसऱ्या क्रमांकावर गेली की इम्पोर्ट मध्यात सापडतं आणि ब्राउझर त्याकडे सरळ दुर्लक्ष करतो. चूक म्हणून काही दिसत नाही, फक्त मोबाईलचा मूळ फॉन्ट येतो आणि जोडाक्षरं वेगळी दिसू लागतात. इम्पोर्ट काढून टाका आणि फॉन्टची लिंक लेआउट फाइलीच्या शीर्षभागात द्या. त्याने फॉन्ट लवकरही उतरतो, कारण ब्राउझरला तो मागण्यासाठी सीएसएस वाचून होईपर्यंत थांबावं लागत नाही.

तिसरी अडचण चित्रांच्या रस्त्यांची. सीएसएसमधला सापेक्ष रस्ता त्या सीएसएस फाइलीपासून मोजला जातो. मूळ फाइल एका फोल्डरात आणि गाठोडं दुसऱ्याच फोल्डरात असेल तर रस्ता चुकू शकतो. ॲडइन रस्ते सुधारून देतं, तरी गाठोडं मूळ फाइलींच्या फोल्डरातच ठेवणं उत्तम. पान उघडून नेटवर्कच्या खिडकीत ४०४ (फाइल सापडली नाही) कुठे येतंय का हे एकदा बघाच.

चौथी गोष्ट अडचण म्हणावी अशी नाही, पण विंडोजवर काम करून लिनक्स सर्व्हरवर टाकणाऱ्यांना ती नडते. विंडोजला फाइलींच्या नावातल्या लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. बंडलकॉन्फिगमध्ये नाव जसंच्या तसं लिहा.

जावास्क्रिप्टची तऱ्हा

क्रम इथे सर्वांत महत्त्वाचा. आधी जेक्वेरी, मग तिच्यावर अवलंबून असलेली प्लगइन, मग आपली भाव आणणारी फाइल, शेवटी पान सुरू करणारी. क्रम चुकला तर कन्सोलमध्ये ‘डॉलर इज नॉट डिफाइन्ड’ येतं आणि तक्ता रिकामा.

फाइलीच्या शेवटी अर्धविराम टाकायची सवय ठेवा. एक फाइल अर्धविरामाशिवाय संपली आणि पुढची गोल कंसाने सुरू झाली, तर जावास्क्रिप्ट त्या कंसाला मागच्या ओळीचाच भाग समजते आणि ‘इज नॉट अ फंक्शन’ अशी तक्रार येते. सुट्या फाइली नीट चालतात, बांधल्या की बिघडतात. अशी लक्षणं दिसली की आधी सांधे तपासा.

आता ‘रीनेमलोकल्स’. हे ॲडइन बारीक करण्यासाठी आतून एनयूग्लिफाय नावाचं साधन वापरतं, ते मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एजॅक्स मिनिफायरवरून पुढे आलेलं आहे. स्थानिक नावं छोटी करणं सहसा निर्धोक असतं. अडचण येते ती नावावरूनच अर्थ लावणाऱ्या कोडमध्ये. जुनं अँग्युलर-जेएस, म्हणजे पहिल्या पिढीचं, फंक्शनच्या पॅरामीटरची नावं वाचून कुठली सेवा द्यायची ते ठरवतं. नाव एका अक्षराचं झालं की त्याला काहीच सापडत नाही. अशा प्रोजेक्टमध्ये सेवांची नावं अवतरणात यादी करून देण्याची पद्धत वापरा, कारण अवतरणातला मजकूर बदलत नाही. तेवढा वेळ नसेल तर रीनेमलोकल्स फॉल्स करा. फाइल थोडी मोठी होईल, चालेल.

नव्या वाक्यरचनेचं दुखणं वेगळं. जुन्या आवृत्त्यांमधलं एनयूग्लिफाय जावास्क्रिप्टमधली अलीकडची भर ओळखत नाही. २०२० च्या मानकात आलेलं प्रश्नचिन्ह-टिंबाचं चेनिंग हे त्यातलं नेहमीचं. सेव्ह केल्यावर गाठोडं बदललंच नाही असं वाटलं तर ‘एरर लिस्ट’ उघडा. तिथे फाइलीचं नाव आणि ओळ दिलेली असते. मग एक तर ती ओळ जुन्या पद्धतीने लिहा, नाहीतर ॲडइनची नवी आवृत्ती घ्या. आधीच बारीक होऊन आलेली लायब्ररी असेल तर तिला पुन्हा बारीक करण्यात हशील नाही. अशा लायब्ररींचं वेगळं गाठोडं करा आणि त्याचं मिनिफाय फॉल्स ठेवा.

परवान्याच्या टिपणांचं काय? तारांकनानंतर लगेच उद्गारचिन्ह असलेलं टिपण महत्त्वाचं समजून ठेवलं जातं. बऱ्याच लायब्ररी आपला परवाना असाच लिहितात. तो काढायचा नाही.

आणि सगळ्या मूळ फाइली यूटीएफ-८ मध्ये सेव्ह आहेत याची खात्री करा. एखादी फाइल जुन्या एन्कोडिंगमध्ये राहिली असेल तर तिच्यातला ‘पिलबाग’ गाठोड्यात प्रश्नचिन्हांची माळ होऊन येतो.

पायरी ४: पानात जोडणं

काम करताना सुट्या फाइली हव्यात, लोकांसाठी गाठोडं हवं. एएसपी डॉट नेट कोअरच्या लेआउट फाइलीत यासाठी ‘एन्व्हायर्नमेंट’ नावाचा टॅग हेल्पर आहे. एका टॅगला ‘इन्क्लूड’ म्हणून डेव्हलपमेंट द्या आणि त्यात सुट्या फाइलींच्या लिंका ठेवा. दुसऱ्याला ‘एक्सक्लूड’ म्हणून डेव्हलपमेंट द्या आणि त्यात गाठोड्याची एकच लिंक ठेवा. सुट्या लिंकांचा क्रम आणि बंडलकॉन्फिगमधला क्रम तोच हवा. नवी फाइल आली की ती दोन्हीकडे घालायची असते, आणि हमखास विसरतात ती ही जागा. आपल्या मशीनवर सगळं छान, सर्व्हरवर नवा आलेख नाही, असं झालं तर बंडलकॉन्फिग उघडून बघा.

गाठोड्याच्या लिंकवर ‘एएसपी-अपेंड-व्हर्जन’ ट्रू करा. मग फाइलीच्या मजकुरावरून काढलेला एक हॅश पत्त्याच्या शेपटीला लागतो. मजकूर बदलला की हॅश बदलतो आणि ब्राउझर नवी फाइल मागतो. हे केलं नाही तर दुपारी फोन येणार: “भाऊ, तक्ता तर जुनाच दिसून राहिला माझ्या मोबाईलवर.” मग त्या माणसाला कॅश साफ करायला शिकवत बसा. त्यापेक्षा एक शब्द लिहिणं सोपं.

पायरी ५: काम बिल्डकडे सोपवा

इथपर्यंत जे झालं ते तुमच्या मशीनवरच्या ॲडइनच्या भरवशावर. जोडीदाराने भुसावळहून त्याच्या लॅपटॉपवर सीएसएस बदलली आणि त्याच्याकडे ॲडइनच नसेल, तर गाठोडं जुनंच राहतं. मूळ फाइल नवी, डॉट मिन जुनी, आणि कळतं कधी तर साइट वर गेल्यावर.

म्हणून बंडलकॉन्फिगवर उजवं बटण दाबा, ‘बंडलर अँड मिनिफायर’मध्ये ‘एनेबल बंडल ऑन बिल्ड’ निवडा. स्टुडिओ एक नुगेट पॅकेज (डॉट नेटच्या भांडारातलं तयार पॅकेज) जोडायची परवानगी मागेल, त्याचं नाव बिल्डबंडलरमिनिफायर. ते मेनूतूनच घ्या, म्हणजे तुमच्या ॲडइनशी जुळणारं येतं. आता बिल्ड करा आणि ‘आउटपुट’ची खिडकी वाचा. बंडलकॉन्फिगवर काम सुरू झालं, अमुक फाइल बारीक झाली, काम संपलं, अशा ओळी दिसायला हव्यात. ‘क्लीन’ केलं की तयार फाइली पुसल्या जातात.

हे पॅकेज डॉट नेटच्या कमांडवरून केलेल्या बिल्डमध्येही चालतं. त्यामुळे व्हिज्युअल स्टुडिओ कोडवाल्यांनी ॲडइन न बसवता हे पॅकेज जोडायचं, बंडलकॉन्फिग हाताने लिहायचं आणि टर्मिनलमधून बिल्ड करायचं. उजव्या बटणाची सोय सोडली तर काही अडत नाही.

गिट आणि पब्लिश

बंडलकॉन्फिग गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) असलंच पाहिजे. डॉट मिन फाइलींबद्दल दोन मतं आहेत. बिल्डवर गाठोडं बांधलं जात असेल तर मी त्या गिटबाहेर ठेवतो. नाहीतर दोघांनी एकाच दिवशी सीएसएस बदलली की सलग एका ओळीच्या फाइलीत संघर्ष येतो, आणि तो डोळ्यांनी सोडवणं माणसाचं काम नाही. गिटमध्ये ठेवायच्याच असतील तर संघर्ष आल्यावर मूळ फाइली जुळवा आणि गाठोडं नव्याने बांधा.

बाहेर ठेवल्या की एक खाच समोर येते. नवीन क्लोन घेतलेल्या मशीनवर थेट पब्लिश केलं तर साइटवर डॉट मिन फाइली नसतात, असं होऊ शकतं. कारण असं की प्रोजेक्टमध्ये कोणकोणत्या फाइली आहेत याची यादी बिल्ड सुरू होण्याच्या आधीच तयार होते, आणि त्या क्षणी गाठोडी अजून बांधलेलीच नसतात. दुसऱ्यांदा पब्लिश केलं की सगळं ठीक, म्हणून माणूस गोंधळतो. आधी बिल्ड, मग वेगळ्या कमांडने पब्लिश, असे दोन टप्पे ठेवा.

वर टाकून झाल्यावर तपासणी: सुरुवातीला टिपलेले तीन आकडे त्याच थ्रॉटलिंगवर पुन्हा घ्या. गाठोड्याच्या मागणीवर क्लिक करून उत्तराच्या हेडरमध्ये ‘कंटेंट-एन्कोडिंग’ जीझिप किंवा ब्रॉटली आहे का ते बघा. नसेल तर सर्व्हरचं कॉम्प्रेशन बंद आहे आणि निम्मं काम अजून बाकी आहे. डॉट नेट ९ पासून ‘मॅपस्टॅटिकॲसेट्स’ वापरलं तर पब्लिश करतानाच कॉम्प्रेस केलेल्या प्रती तयार होतात. ते बांधत नाही आणि बारीकही करत नाही, त्यामुळे दोन्ही एकत्र नांदू शकतात.

कधी हे वापरू नये

एचटीटीपी २ आल्यापासून एकाच जोडणीवर अनेक फाइली एकदम उतरतात, त्यामुळे नुसत्या बांधण्याचा फायदा पूर्वीइतका राहिलेला नाही. बारीक करण्याचा मात्र आहे. सगळ्या पानांचं सगळं एकाच गाठोड्यात कोंबू नका. आलेखाची मोठी लायब्ररी फक्त एका पानावर लागत असेल तर तिचं गाठोडं वेगळं आणि लिंकही त्याच पानावर.

टाइपस्क्रिप्ट, रिॲक्ट किंवा इम्पोर्ट-एक्सपोर्टने जोडलेली मॉड्यूलं असतील तर हे ॲडइन त्या कामाचं नाही. ते फाइली एकापुढे एक जोडतं, कोण कोणावर अवलंबून आहे हे शोधत नाही. तिथे ईएसबिल्ड किंवा वीट (Vite) ही साधनं घ्या.

जुन्या एमव्हीसी प्रोजेक्टमध्ये ‘बंडलकॉन्फिग’ नावाची सी-शार्प फाइल सापडेल. नाव तेच, पण प्रकरण वेगळं. ती एएसपी डॉट नेट ४.५ च्या काळची पद्धत आहे, गाठोडं सर्व्हरवर चालत्या साइटमध्ये बांधलं जातं, आणि सहसा वेब डॉट कॉन्फिगमध्ये डीबग फॉल्स केल्यावर. ती चालू असेल तर तिला चालू द्या. कोअरमध्ये तशीच चालत्या साइटवर बांधणारी सोय हवी असेल तर वेबऑप्टिमायझर नावाचं पॅकेज आहे, तेही क्रिस्टेनसेन यांच्याच हातचं.

प्रोजेक्ट वाढला आणि पुढे नोडकडे जायचं ठरलं, तर व्हिज्युअल स्टुडिओतल्या याच उजव्या बटणाच्या मेनूत ‘कन्व्हर्ट टू गल्प’ आहे. ते बंडलकॉन्फिग वाचून गल्प या नोडवरच्या साधनाची फाइल लिहून देतं. त्यानंतर बिल्डवरचं नुगेट पॅकेज काढून टाका, नाहीतर दोघंही एकाच डॉट मिन फाइलीवर लिहीत राहतील आणि शेवटचं लिखाण कोणाचं हे बिल्डच्या क्रमावर ठरेल.